वर्गप्रतिनिधी ते राष्ट्रीय परिषद : जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व

अन्न सुरक्षा अधिकारी होण्यासाठी कोणती पदवी लागते, हे केंद्र सरकारच्या २०११ च्या अन्न सुरक्षा व मानके नियमांत लिहिलेले आहे. अन्नतंत्रज्ञान, दुग्धतंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, तैलतंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जीवरसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र यांतली पदवी चालते. रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी चालते. वैद्यकीय पदवीही चालते. वनस्पतिशास्त्र या यादीत नाही, प्राणिशास्त्रही नाही. हातकणंगले तालुक्यातल्या दोन मैत्रिणी घ्या. एकीने बी. एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतले, दुसरीने वनस्पतिशास्त्र. धान्यावर वाढणाऱ्या बुरशीचा अभ्यास दोघींनी केला, पेशीरचना आणि आनुवंशिकी दोघी शिकल्या, पण या यादीप्रमाणे अर्ज एकीलाच करता येतो. यादी बरोबर की चूक, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. प्रश्न असा आहे, की वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीने आपली बाजू मांडायची कुठे? प्राध्यापकांकडे, प्राचार्यांकडे, कुलगुरूंकडे? यांपैकी कोणाच्याही हातात ती यादी नाही. ती दिल्लीत ठरते आणि दिल्लीत या विद्यार्थिनीच्या वतीने बोलणारे कोणी नाही.

आपल्याकडे विद्यार्थी संघटित होतो तो महाविद्यालयाच्या, गावाच्या, समाजाच्या किंवा पक्षाच्या नात्याने. विषयाच्या नात्याने तो जवळजवळ कधीच एकत्र येत नाही. त्याच्या आयुष्यावर परिणाम करणारे निर्णय मात्र विषयवार होतात : अभ्यासक्रम, प्रात्यक्षिकांचे तास, पात्रता परीक्षा, छात्रवृत्ती, नोकरीची अर्हता. प्रतिनिधित्वाची रचना एका पायावर उभी आणि निर्णयाची दुसऱ्या, हेच जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याचे मूळ दुखणे आहे, असे मला वाटते. ही फट कशी पडली आणि ती हातकणंगलेसारख्या तालुक्याच्या गावाकडून कशी बुजवता येईल, हे येथे पाहायचे आहे.

प्रतिनिधी कोणाला म्हणावे

प्रतिनिधित्व तपासताना चार गोष्टी पाहाव्या लागतात. ज्याच्या वतीने बोलायचे त्याने कौल दिला आहे का? आज बोलणारा उद्या गेला तर त्याची जागा ठरलेल्या रीतीने भरली जाते का? ज्या गोष्टीवर बोलायचे तिचे त्याला आतून ज्ञान आहे का? आणि त्याचे बोलणे निर्णय घेणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोहोचते का? कौल, सातत्य, जाण आणि पोच अशी त्यांना नावे देऊ.

या भागाला या चारही गोष्टी परक्या नाहीत. शेजारच्या शिरोळ तालुक्यात जयसिंगपूरला गळीत हंगामाच्या तोंडावर स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते. शेतकरी जमतात, उसाच्या दराची मागणी आकड्यात जाहीर होते आणि त्या आकड्यावर कारखानदारांशी आणि सरकारशी बोलणी सुरू होतात. मागणी पुरी होवो वा अपुरी राहो, रचना स्पष्ट आहे. ठिकाण ठरलेले, हंगाम ठरलेला, मागणी मोजता येण्याजोगी आणि समोरचा पक्ष कोण हे माहीत. त्याच शेतकऱ्याची मुले हातकणंगलेच्या अण्णासाहेब डांगे महाविद्यालयात, पेठ वडगावच्या विजयसिंह यादव महाविद्यालयात किंवा इचलकरंजीच्या दत्ताजीराव कदम महाविद्यालयात शिकायला जातात. घरात संघटनेची भाषा रोज कानावर पडते, पण आपल्या विषयासाठी ती वापरायची वाट त्यांना कोणी दाखवलेली नसते.

शिकवणाऱ्यांनी ती वाट कधीच शोधली. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात प्राध्यापकांची ‘सुटा’ आहे, तिच्यावर राज्याची ‘एमफुक्टो’ आणि देशपातळीवर ‘आयफुक्टो’. हातकणंगलेतल्या एका प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीचा प्रश्न या तीन पायऱ्यांनी दिल्लीपर्यंत जाऊ शकतो. त्याच्याच वर्गातल्या विद्यार्थ्याचा प्रश्न वर्गाच्या दारातच अडतो. एकाच इमारतीतली ही तफावत लक्षात घेतली, की प्रश्न अंतराचा नसून रचनेचा आहे हे कळते.

कायद्याने दिलेली वाट

महाराष्ट्रात विद्यार्थी निवडणुकांचा इतिहास रक्तरंजित वळणावर थांबला. १९८९ मध्ये मुंबईत एनएसयूआयचा विद्यार्थी नेता ओवेन डिसोझा याचा खून झाला. निवडणुकांतल्या हिंसाचाराविषयी आधीच संताप होता. पुढे १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद केल्या. आदल्या वर्षीच्या परीक्षेत वर्गात पहिला आलेला विद्यार्थी वर्गप्रतिनिधी होऊ लागला आणि असे गुणवंत आपल्यातून सचिव निवडू लागले. दोन दशकांहून अधिक काळ विद्यार्थ्यांच्या पिढ्या याच पद्धतीत वाढल्या.

या काळात देशपातळीवर वेगळेच घडत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. उमेदवाराच्या वयाची मर्यादा, ७५ टक्के उपस्थिती, पाच हजार रुपयांपर्यंतचा खर्च अशी बंधने घालून निवडणुका घ्याव्यात, असे तिने सांगितले. महाराष्ट्राने २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निवडणुका परत आणल्या. हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. २०१९ मध्ये प्रत्यक्ष निवडणुकांची तयारी झाली, पण विधानसभा निवडणुकीमुळे त्या पुढे ढकलल्या गेल्या. पाठोपाठ कोविडची साथ आली. हातकणंगले हा लोकसभा मतदारसंघ २००९ पासून अस्तित्वात आहे. अठरा वर्षांचा विद्यार्थी त्याचा खासदार निवडू शकतो. स्वतःच्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याची संधी मात्र त्याला मिळालेली नाही.

समजा, उद्या निवडणुका नियमित झाल्या, तरी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर मिळेल का? कायद्यातली शिडी वर्ग, महाविद्यालय, विद्यापीठ अशी आहे. महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव महाविद्यालय विकास समितीत बसतात, विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचे अधिसभेत. महिला प्रतिनिधी आणि मागासवर्गीयांचा प्रतिनिधी यांची तरतूद आहे, आणि ती योग्यच आहे. पण कुठल्याही पायरीवर ‘विषय’ नाही. कला, वाणिज्य, विज्ञान या सर्वांचा मिळून एक अध्यक्ष. त्याने वसतिगृह, बसपास, निकालाचा उशीर यांवर बोलावे, पण प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकांवर बोलायला त्याला कौलही नसतो आणि जाणही.

विषय येतो तो अभ्यासमंडळात. वनस्पतिशास्त्रात काय शिकवायचे, प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात काय असावे, हे तिथे ठरते. या मंडळाच्या बैठकीला आदल्या वर्षीच्या पदवी आणि पदव्युत्तर अंतिम परीक्षेत अव्वल आलेल्या विद्यार्थ्यांना निमंत्रित म्हणून बोलावण्याची तरतूद कायद्यात आहे. हेतू चांगला आहे, पण जरा थांबून पाहू. आदल्या वर्षी बी. एस्सी. अंतिम परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी आज त्या अभ्यासक्रमाचा विद्यार्थीच नाही. तो एम. एस्सी.ला गेला आहे किंवा कुठल्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसला आहे. त्याला इतरांनी निवडलेले नाही, त्यामुळे आपण कोणाच्या वतीने बोलतो आहोत हे त्यालाही ठाऊक नसते. पहिला आला म्हणजे अभ्यासक्रमाशी त्याचे चांगले जमले होते. ज्यांचे जमले नाही, ज्यांना प्रात्यक्षिकासाठी तीन जणांत एक सूक्ष्मदर्शक मिळाला, त्यांचे म्हणणे त्याच्या तोंडून यावे ही अपेक्षा त्याच्यावरही अन्यायकारक आहे.

निवडीऐवजी गुणवत्ता पाहण्याचा हाच विचार इतरत्रही दिसतो. विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे विनियम आहेत. त्यांतल्या समितीवरचा विद्यार्थी प्रतिनिधीही गुणवत्ता किंवा खेळ आदी क्षेत्रांतली कामगिरी पाहून नामनिर्देशित होतो, आणि तोही विशेष निमंत्रित म्हणून. ‘नॅक’च्या २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थ्यांचे समाधान सर्वेक्षण आले. त्यात प्रत्येक विद्यार्थी एकटा, प्रश्नावलीपुरता बोलतो. मत नोंदवून घेणे आणि प्रतिनिधी मानणे यांत फार मोठे अंतर आहे. मत देणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, प्रतिनिधीला येतो.

पक्षीय संघटनांबद्दल थोडक्यात बोलले तरी पुरे. ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन १९३६ ची, अखिल भारतीय विद्यार्थी परिषद १९४९ ची, एसएफआय १९७० ची, एनएसयूआय १९७१ ची. देशभर जाळे, दिल्लीपर्यंत पोच आणि अनेक दशकांचे सातत्य या सर्वांकडे आहे. फीवाढ, परीक्षांचे घोळ, वसतिगृहे यांवर त्या उठतात आणि त्यांचा उपयोग होतो. पण अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या अर्हतेत वनस्पतिशास्त्र असावे की नाही, यावर पक्षाची भूमिका असू शकत नाही आणि असूही नये. तो त्यांचा प्रांत नव्हे.

स्पर्धक आणि श्रोता

विषयाच्या नात्याने जीवशास्त्राचा विद्यार्थी जिथे दिसतो, तिथे तो प्रतिनिधी म्हणून दिसत नाही. महाराष्ट्रात २००६ पासून ‘आविष्कार’ हा आंतरविद्यापीठ संशोधन महोत्सव होतो. जिल्हा, विद्यापीठ, राज्य अशा फेऱ्या होतात. शुद्ध विज्ञानाच्या गटात जीवशास्त्राची मुले भित्तिफलक घेऊन उभी राहतात. रचना उत्तम आहे, तालुक्यातले पोर मुंबई-नागपूरच्या पोरांशेजारी उभे राहते. पण ते तिथे स्पर्धक असते. बक्षीस मिळते किंवा मिळत नाही, आणि संध्याकाळी सगळे घरी जातात.

असोसिएशन ऑफ मायक्रोबायॉलॉजिस्ट्स ऑफ इंडिया १९३८ पासून आहे आणि विद्यार्थ्यांना सदस्यत्व देते. मायक्रोबायॉलॉजिस्ट्स सोसायटी, इंडिया या संस्थेने महाविद्यालयांत विद्यार्थी शाखा काढल्या आहेत. ही विद्वानांची मंडळे आहेत. त्यांत विद्यार्थी हा उद्याचा विद्वान म्हणून येतो. बेंगळुरूला २०१० पासून संवर्धनविज्ञानातल्या विद्यार्थ्यांची परिषद भरते. २००९ मध्ये सुरू झालेले ‘यंग इकॉलॉजिस्ट्स टॉक अँड इंटरॅक्ट’, म्हणजे ‘येती’, हे तरुण परिसंस्था-अभ्यासकांनी स्वतः चालवलेले संमेलन मला या सर्वांत महत्त्वाचे वाटते. ठिकाण बदलते, आयोजक बदलतात, तरी संमेलन टिकते. जीवशास्त्राचे विद्यार्थी देशपातळीवर स्वतःच्या बळावर जमू शकतात, याचा तो पुरावा आहे. तिथे मागणी ठरत नाही, निवेदन निघत नाही, आणि येणारे बहुतेक संशोधनसंस्थांतले असतात. तरीही जमण्याचे अर्धे अवघड काम तिथे झालेले आहे.

विच्छेदनाचा निर्णय

प्रतिनिधी नसण्याची किंमत काय, हे विच्छेदनाच्या प्रश्नात नीट दिसते. झुरळ, बेडूक, उंदीर, मुशी मासा. प्राणिशास्त्राच्या कित्येक पिढ्यांची प्रात्यक्षिके यांवर झाली. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. प्राध्यापक एच. ए. रंगनाथ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्र व जीवनविज्ञानाच्या पदवी-पदव्युत्तर वर्गांतून ते पूर्ण थांबवायला सांगितले.

निर्णय मला योग्य वाटतो. हजारो बेडूक त्याच त्याच नळ्या आणि नसा शोधण्यासाठी मारण्याला शास्त्रीय कारण उरले नव्हते, आणि शेतीच्या परिसरातल्या बेडकांचे मोल वेगळे सांगायला नको. पण या वादात एका बाजूला प्राणिमित्र संस्था होत्या, दुसरीकडे प्राध्यापक आणि मध्ये आयोग. ज्याच्या हातात कात्री होती तो विद्यार्थी कुठल्याच बाजूला संघटितपणे नव्हता. त्याच्याकडेच काही प्रश्नांची उत्तरे होती. विच्छेदनाच्या जागी संगणकावरचा नमुना येणार, तर विज्ञान शाखेत संगणक किती आहेत आणि ते प्राणिशास्त्राला कधी मिळतात? प्रतिकृती आणल्या, तर एका प्रतिकृतीभोवती किती जण उभे राहतात? पुढे वैद्यकीय संशोधनात किंवा मत्स्यव्यवसायात जाणाऱ्याला हाताचे कौशल्य कुठे मिळेल? ही माहिती कुठल्याही समितीला वर्गातल्या विद्यार्थ्याखेरीज कोणी देऊ शकत नव्हते. प्राध्यापकाला ती अंदाजाने असते, विद्यार्थ्याला अनुभवाने. ‘जाण’ या कसोटीचा अर्थ हाच.

छात्रवृत्तीचा लढा

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय पातळीवर खरोखर काही मिळवले असेल तर ते संशोधन छात्रवृत्तीच्या लढ्यात. तो केवळ त्यांचा नव्हता. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अभियांत्रिकी सगळेच त्यात होते. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०१४ मध्ये महिना १६ हजार रुपयांवरून २५ हजारांवर गेली. २०१८ मध्ये पुन्हा मागणी सुरू झाली. संस्थासंस्थांतले संशोधक विद्यार्थी मोबाइलवरच्या गटांतून जोडले गेले, निवेदने गेली, मोर्चे निघाले, जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीत निदर्शने झाली. ३० जानेवारी २०१९ ला रक्कम ३१ हजार झाली, वरिष्ठांसाठी ३५ हजार. २०२३ मध्ये ती ३७ आणि ४२ हजारांवर गेली.

चार कसोट्यांवर हा लढा ठेवून पाहू. जाण पुरेपूर होती. महिनाअखेर काय होते हे त्यांना कोणी सांगायला नको होते. पोच होती, कारण दिल्ली, बेंगळुरू, पुणे, मुंबई इथल्या नामवंत संस्थांतले विद्यार्थी रस्त्यावर आले की वर्तमानपत्रे लिहितात. कौल अनौपचारिक, पण खरा होता. कच्चे होते ते सातत्य. दर चार-पाच वर्षांनी नवी पिढी उठते, नवे गट बांधते, जुनी निवेदने शोधते. पुढारी पीएच.डी. करून परदेशी किंवा नोकरीत जातो आणि त्याच्यासोबत सगळी ओळखपाळख, कागदपत्रे, मंत्रालयातल्या कुठल्या टेबलावर काय होते ही माहिती जाते. महागाई दरवर्षी वाढते, लढा मात्र चार-पाच वर्षांतून एकदाच उभा राहतो.

महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या संशोधक विद्यार्थ्यांनी आझाद मैदानावर दिलेली धरणी याच जातीची. बार्टीच्या ८६१ विद्यार्थ्यांच्या छात्रवृत्तीचा प्रश्न त्यामुळे राज्यभर पोहोचला. पण तिथेही एकत्र येण्याचा पाया विषय नव्हता, छात्रवृत्ती देणारी संस्था हा होता.

या सर्व लढ्यांच्या बाहेर राहतो तो बी. एस्सी.चा विद्यार्थी. त्याला छात्रवृत्ती नाही, म्हणून वाढीची मागणीही नाही. संख्येने तोच सर्वांत मोठा आणि त्याचाच आवाज सर्वांत क्षीण.

ज्यांना जमले

निवासी डॉक्टरांची ‘मार्ड’ यशस्वी का होते, हे सांगायला फार विचार नको. त्यांनी काम थांबवले की सरकारी रुग्णालय अडते. प्राणिशास्त्राच्या वर्गाने बहिष्कार टाकला तर नुकसान फक्त त्या वर्गाचे होते. म्हणून संप हे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याचे साधन नव्हे, आणि ‘मार्ड’चा नमुना त्याने घेऊ नये.

कृषी पदवीधरांचे उदाहरण जवळचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षा आणि बँकांची परीक्षा एकाच दिवशी आल्या, शिवाय कृषी सेवेच्या २५८ जागा त्या भरतीत घ्याव्यात अशी मागणी होती. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले. परीक्षा पुढे गेली आणि त्या जागाही पुढे भरतीत आल्या. कृषीच्या मुलांना हे का जमते? राज्यात चार कृषी विद्यापीठे, जवळपास एकसारखा अभ्यासक्रम, वसतिगृहात एकत्र काढलेली चार वर्षे आणि एकच पदवी. ‘मी कृषीचा’ असे म्हणताना त्याला विचार करावा लागत नाही. जीवशास्त्राचा विद्यार्थी मात्र ‘मी बॉटनीचा’, ‘मी मायक्रोचा’, ‘मी बायोटेकचा’ असे सांगतो. विभागांच्या या भिंती विद्यापीठांनी उभारल्या. राष्ट्रीय परीक्षा त्या मानत नाहीत. सीएसआयआरच्या ‘नेट’ परीक्षेत या सर्वांना ‘जीवनविज्ञान’ ही एकच प्रश्नपत्रिका असते. जून २०२४ मध्ये ती परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली गेली, तेव्हा बॉटनी, झूलॉजी आणि मायक्रो सगळ्यांचे रेल्वे आरक्षण सारखेच वाया गेले. परीक्षार्थी म्हणून हा समूह एक झालेला आहेच. तो संघटना म्हणून एक झालेला नाही.

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी हे फार पूर्वी केले. त्यांची राष्ट्रीय संघटना ‘नासा इंडिया’ १९५७ ची. प्रत्येक महाविद्यालय हे तिचे एकक. त्याचा विद्यार्थी-सचिव राष्ट्रीय परिषदेत बसतो. दरवर्षी संमेलन होते. पदाधिकारी बदलत राहतात, पदे टिकतात. तिचे बहुतेक काम स्पर्धा आणि संमेलनांचे आहे, हे खरे. पण एकक, सचिव आणि परिषद ही हाडे तिथे तयार आहेत.

जर्मनीत याच्या पुढची पायरी पाहायला मिळते. तिथे विद्यापीठात विषयवार विद्यार्थी मंडळ असते, त्याला ‘फाखशाफ्ट’ म्हणतात. देशभरातली जीवशास्त्राची अशी मंडळे आलटूनपालटून एकेका विद्यापीठात राष्ट्रीय बैठकीसाठी जमतात. अभ्यासक्रमांच्या मूल्यांकनासाठी २००० मध्ये तिथे विद्यार्थी-परीक्षकांचा एक राष्ट्रीय संच उभारला गेला, आणि त्यात विद्यार्थी पाठवण्याचा अधिकार अशा विषयवार बैठकांना मिळाला. म्हणजे जीवशास्त्राचा अभ्यासक्रम तपासायला जाणाऱ्या पथकात जीवशास्त्राचाच विद्यार्थी बसतो, आणि त्याला पाठवणारे त्याच्याच विषयाचे विद्यार्थी असतात. कौल, जाण आणि पोच यांची गाठ एका ठिकाणी पडते. आपल्या ‘नॅक’च्या भेटीत विद्यार्थी पथकापुढे बसतो, पथकात बसत नाही.

हातकणंगलेतून बांधायचे तर

नवी संघटना दिल्लीत नोंदवून खाली शाखा काढण्याने हे होणार नाही. वरून आलेल्या शाखा पहिल्या पदाधिकाऱ्याबरोबर संपतात. खाली काय तयार आहे, ते आधी पाहावे.

तालुक्याच्या बहुतेक महाविद्यालयांत विज्ञान मंडळ किंवा निसर्ग मंडळ असते. भित्तिपत्रिकेचे उद्घाटन, ओझोन दिन, वन्यजीव सप्ताह, एखादी सहल, एवढे त्याचे वर्षाचे काम. हेच मंडळ एकक होऊ शकते. त्यासाठी दोन बदल लागतील. मंडळाचा विद्यार्थी प्रमुख त्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी निवडावा, गुणपत्रिकेने नव्हे. आणि अंतिम वर्षाच्या प्रमुखासोबत दुसऱ्या वर्षाचा सहप्रमुख असावा, तोच पुढच्या वर्षी प्रमुख होईल. हा साधा नियम सातत्याचा प्रश्न बराचसा सोडवतो. संशोधकांच्या लढ्यात जी माहिती माणसाबरोबर निघून जाते, ती इथे एका वहीत आणि एका सहप्रमुखात मागे राहते.

दुसरी पायरी शिवाजी विद्यापीठाची. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांचे हे विद्यापीठ १९६२ चे. त्याची अग्रणी महाविद्यालय योजना आजूबाजूच्या महाविद्यालयांना एका गटात बांधते. शिक्षकांच्या कार्यशाळा त्यातून होतात. याच गटात जीवशास्त्राच्या सर्व शाखांच्या मंडळप्रमुखांची सत्रातून एक बैठक घ्यायला कायदा बदलावा लागत नाही. बैठकीची वेळ मात्र अभ्यासमंडळाच्या बैठकीच्या आधीची हवी, नाहीतर तिचे कागद कपाटात जातील. अभ्यासमंडळावर विद्यार्थ्याला मत नसले तरी लेखी टिपण ठेवायला आडकाठी नाही. अव्वल आलेला निमंत्रित विद्यार्थीही तेव्हा रिकाम्या हाताने जाणार नाही; त्याच्याकडे तीन जिल्ह्यांचे म्हणणे असेल.

त्या टिपणात काय असावे, यावर सगळे अवलंबून आहे. संपाचे बळ नसलेल्या समूहाचे बळ त्याच्या माहितीत असते. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला. त्यात मुख्य विषय, गौण विषय, क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आहे. कार्यप्रशिक्षण वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने हातकणंगले तालुक्यात कुठे करायचे? कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत जायचे तर जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार? रामलिंगच्या डोंगरावर किंवा आळत्याच्या अल्लमप्रभू टेकडीवर वनस्पतींची नोंद केली, तर ती ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत जाणार की फक्त प्रकल्पाच्या फायलीत? २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेची समिती आणि तिची नोंदवही असायला हवी. ती खऱ्या निरीक्षणांनी भरायला जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याहून योग्य माणूस गावात नसतो. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. पंचगंगेच्या पाण्याची तपासणी हा इथल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी पुस्तकातला धडा नाही. अशा प्रश्नांची वीस महाविद्यालयांतून सारख्या पद्धतीने गोळा केलेली उत्तरे एका टिपणात आली, तर कुठल्याही समितीला ती बाजूला ठेवणे जड जाईल.

राज्यपातळीसाठी वेगळे संमेलन भरवण्याचा खर्च आज कोणी करणार नाही. ‘आविष्कार’च्या राज्य फेरीला सर्व विद्यापीठांचे विद्यार्थी जमतातच. तिथे एक संध्याकाळ विषयवार बैठकीला मिळाली, तर राज्याचे टिपण तयार होईल. देशपातळीवर ‘येती’सारखे फिरते संमेलन हा सर्वांत स्वस्त पाया आहे, त्यात पदवी विद्यार्थ्यांची आणि मागण्यांची जागा निर्माण करावी लागेल. पैसा महाविद्यालयीन एककाच्या वार्षिक वर्गणीतून यावा. प्रायोजकांच्या पैशावर चाललेल्या संमेलनात शिकवणी वर्गांचे फलक लागतात आणि ठराव मागे पडतात.

दोन अडचणी या आराखड्याने सुटत नाहीत. पहिली, विद्यापीठांची विखुरण. स्वायत्त महाविद्यालयांची अभ्यासमंडळे वेगळी, आणि याच तालुक्यात अतिग्रेला असलेले संजय घोडावत विद्यापीठ खासगी असल्याने सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या कक्षेतच नाही. पाच-दहा किलोमीटरच्या अंतरात जीवशास्त्राचे विद्यार्थी वेगवेगळ्या कायद्यांखाली शिकतात. म्हणून एककाचे सदस्यत्व विद्यापीठाच्या संलग्नतेवर ठेवू नये, विषयावर ठेवावे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. देशपातळीवर जीवशास्त्राची भाषा इंग्रजी आहे. राष्ट्रीय बैठक झाली की बेंगळुरू-पुण्याच्या संशोधनसंस्थांतली मुले सहज बोलतील आणि पेठ वडगावची मुलगी ऐकत बसेल, तिच्याकडे सांगण्यासारखे जास्त असले तरी. त्यावर सद्भावना पुरत नाही, संघटनेच्या घटनेतच कलम लागते. टिपणे भारतीय भाषांत स्वीकारावीत, त्यांच्या अनुवादाची जबाबदारी यजमान विद्यापीठाने घ्यावी, आणि प्रत्येक राज्याच्या प्रतिनिधींत किमान निम्मे पदवीच्या वर्गांतले व संलग्न ग्रामीण महाविद्यालयांतले असावेत. मुलींना दूरच्या बैठकीला पाठवायला घरचे कचरतात, म्हणून सोबत दुसरी प्रतिनिधी आणि राहण्याची वसतिगृहातली सोय हा खर्चही वर्गणीतच धरावा. ही कलमे पहिल्या बैठकीच्या आधी लिहिली गेली पाहिजेत. बैठका सुरू झाल्यावर बोलणारे ठरून जातात, आणि मग जागा मागून मिळत नाही.